टेक्स्ट फाइल ब्राउझरमध्ये उघडायची, तर आधी बाइट पाहा

मी बोलक्या पुस्तकांसाठी वाचन करते. माइकसमोर कागद चालत नाही, कारण पान उलटल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. त्यामुळे संहिता पडद्यावरच लागते: अक्षर मोठं, ओळींना क्रमांक, आणि काल जिथे थांबले तिथूनच पुन्हा सुरुवात. संहिता टाइप करणारे चार-पाच जण आहेत आणि प्रत्येकाचा संगणक वेगळा. सगळे साधी टेक्स्ट फाइल पाठवतात. ती उघडण्यासाठी मी एक एचटीएमएल पान तयार केलं. त्याला सर्व्हर लागत नाही, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि फाइल संगणकाबाहेर जात नाही. अप्रकाशित लेखन हाताळणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

हे पान कसं करायचं ते इथे सांगते. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या रोमन लिपीत, सलग टाइप करायच्या आणि दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवायचं. फाइल-रीडर, टेक्स्ट-डिकोडर अशा ज्या गोष्टी 'न्यू' लावून बनवतो, त्यांचं अगदी पहिलं अक्षरही मोठं. अपवाद थोडे: 'ड्रॅग-ओव्हर', 'ऑन-एरर' अशी घटनांची नावं सगळी लहान अक्षरांत, एचटीएमएलसारखी आद्याक्षरं सगळी मोठी, 'यू-इंट'मध्ये फक्त यू मोठा, आणि सीएसएसमधल्या नावांत सगळी अक्षरं लहान ठेवून जोडरेघ तशीच ठेवायची. व्हेरिएबलना मात्र मी मराठीच नावं देते: फाइल, बाइट्स, मजकूर, ओळी. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात. सहा महिन्यांनी कोड उघडला की आपण काय करत होतो ते चटकन कळतं.

सगळ्यात छोटी आवृत्ती

पानावर दोन गोष्टी लागतात. एक इनपुट, ज्याचा टाइप 'फाइल' आहे, आणि त्याखाली एक रिकामा प्री टॅग. इनपुटवर 'चेंज' या घटनेसाठी अ‍ॅड-इव्हेंट-लिसनर लावा आणि आतलं फंक्शन असिंक ठेवा. त्यात इनपुटच्या 'फाइल्स' यादीतली शून्याव्या क्रमांकाची फाइल घ्या, तिच्यावर 'टेक्स्ट' ही मेथड अवेट (म्हणजे काम पुरं होईपर्यंत थांब) लावून चालवा, आणि जे हाती येईल ते प्री टॅगच्या टेक्स्ट-कंटेंटमध्ये ठेवा. झालं. पान सेव्ह करा, डबल-क्लिक करून उघडा, फाइल निवडा, मजकूर दिसेल.

जुन्या उदाहरणांमध्ये याच कामासाठी फाइल-रीडर दिसतो. तो बनवायचा, त्याच्या 'लोड' घटनेला फंक्शन जोडायचं, मग रीड-अ‍ॅज-टेक्स्ट चालवायचं आणि लोड झाल्यावर 'रिझल्ट'मधून मजकूर घ्यायचा. तो आजही चालतो. पुष्कळ जण रीड-अ‍ॅज-टेक्स्टच्या लगेच पुढच्या ओळीत रिझल्ट वाचायला जातात आणि त्यांना नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतं, कारण वाचन तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. अवेटमुळे ही चूक आपोआप टळते, म्हणून नव्या कोडमध्ये मी फाइल-रीडर वापरत नाही.

निवडलेल्या फाइलचं नाव, आकार, टाइप आणि शेवटचा बदल केव्हा झाला ते न वाचताच कळतं. डिस्कवरची खरी वाट मात्र ब्राउझर सांगत नाही. इनपुटची व्हॅल्यू पाहिलीत तर 'फेकपाथ' नावाच्या फोल्डरचा खोटा पत्ता दिसेल. ते मुद्दाम केलेलं आहे, त्याच्या मागे लागू नका. टाइपवरही विसंबू नका. तो आतला मजकूर पाहून ठरत नाही, नावाच्या शेपटावरून ठरतो. फोटोच्या फाइलचं शेपूट बदलून टीएक्सटी केलं तर टाइपही 'टेक्स्ट' म्हणूनच येईल. इनपुटवरचं 'अ‍ॅक्सेप्ट' हेही फक्त निवडीच्या खिडकीपुरतं असतं, वापरणारा ते बदलून कुठलीही फाइल देऊ शकतो.

नमस्कार लिहिलं होतं, दिसलं वेगळंच

या छोट्या आवृत्तीवर मी काही आठवडे समाधानी होते. मग एका टंकलेखकाची फाइल आली. उघडली तर सुरुवातीला काळ्या चौकटीतली दोन प्रश्नचिन्हं, आणि पुढे एक उघडा कंस, लांब मोकळी जागा, पूर्णविराम, मोकळी जागा, इंग्रजी आकडा आठ, मोकळी जागा, मोठा एम... पानभर हेच. त्यांच्या संगणकावर तीच फाइल स्वच्छ मराठीत उघडत होती. त्यांना वाटलं माझं पान बिघडलंय, मला वाटलं फाइल बिघडलीय. दोन्ही खरं नव्हतं.

फाइलमध्ये अक्षरं नसतातच, असतात ते बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे एन्कोडिंग ठरवतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. 'नमस्कार' या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं आहेत, म्हणून २१ बाइट. यूटीएफ-१६ मध्ये तेच चिन्ह दोन बाइटांत बसतं आणि 'न' होतो ४०, ९. आता हे ४० आणि ९ यूटीएफ-८ समजून वाचा: ४० म्हणजे उघडा कंस आणि ९ म्हणजे टॅब! 'म'चा ४६ म्हणजे पूर्णविराम, 'स'चा ५६ म्हणजे आकडा आठ, हलन्ताचा ७७ म्हणजे मोठा एम. ती लांब मोकळी जागा म्हणजे प्रत्येक देवनागरी चिन्हामागचा ९ होता. सुरुवातीची दोन प्रश्नचिन्हं म्हणजे २५५ आणि २५४, यूटीएफ-१६ची ओळखखूण (बीओएम). म्हणजे त्या पानावर माझा 'नमस्कार' होताच, फक्त चुकीच्या किल्लीने उघडलेला.

फाइलची 'टेक्स्ट' मेथड मजकूर नेहमी यूटीएफ-८ धरूनच वाचते. तिला दुसरं काही सांगायची सोयच नाही. पानाच्या वर आपण मेटा टॅगमध्ये जो कॅरसेट लिहितो, त्याचाही इथे उपयोग नाही, कारण तो पानाचा स्वतःचा असतो, निवडलेल्या फाइलचा नव्हे. हा गैरसमज मी फार जणांकडून ऐकला आहे.

उलटा प्रकारही होतो. यूटीएफ-८ मधली मराठी फाइल कुणी विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचली, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, ही जोडी सारखी दिसते. तो ए म्हणजे २२४, गोल चिन्ह म्हणजे १६४, येन म्हणजे १६५. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो, म्हणून ही जोडी दिसली की रोग लगेच ओळखता येतो.

म्हणून वाचनाचं काम मी दोन पायऱ्यांत तोडलं. 'टेक्स्ट'ऐवजी फाइलवर अ‍ॅरे-बफर चालवायचं, आणि आलेल्या गोष्टीवरून यू-इंट-८-अ‍ॅरे बनवायचा. हे झाले 'बाइट्स'. त्यांचं अक्षरांत रूपांतर टेक्स्ट-डिकोडरकडून, आपण सांगू त्या एन्कोडिंगने करून घ्यायचं. कोणतं एन्कोडिंग, ते मी या क्रमाने ठरवते.

आधी पहिले दोन बाइट. २५५ आणि २५४ असतील तर यूटीएफ-१६एलई, २५४ आणि २५५ असतील तर यूटीएफ-१६बीई, म्हणजे प्रत्येक जोडीतले बाइट उलट क्रमाने. मग पहिल्या काही हजार बाइटांत कुठे शून्य आहे का ते पाहायचं. यूटीएफ-८ मजकुरात शून्य सहसा नसतो. यूटीएफ-१६ मध्ये मात्र शब्दांमधली जागासुद्धा ३२, ० अशी लिहिली जाते. म्हणजे शून्य सापडला तर दोनच शक्यता: फाइल ओळखखूण नसलेली यूटीएफ-१६ आहे, किंवा ती टेक्स्ट फाइलच नाही. ही पायरी गाळू नका. वर पाहिलंत ना, यूटीएफ-१६ मधल्या मराठीचे बाइट यूटीएफ-८ म्हणून अगदी वैध ठरतात. ओळखखूण नसेल तर पुढची चाचणी ते सहज पार करून जातात.

ती पुढची चाचणी अशी: टेक्स्ट-डिकोडर बनवताना पहिलं आर्ग्युमेंट यूटीएफ-८ द्या आणि दुसऱ्यात 'फेटल' हा पर्याय ट्रू करा. एरवी डिकोडर न कळलेल्या बाइटच्या जागी ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवून गुपचूप पुढे जातो. फेटल केल्यावर तो थेट टाइप-एरर फेकतो. मला तेच हवं असतं. चुकीचा शब्द माइकसमोर तोंडातून गेल्यावर कळण्यापेक्षा फाइल उघडतानाच कळलेलं बरं. हा भाग ट्राय-कॅचमध्ये ठेवा, म्हणजे एरर आली की कोड कॅचमध्ये जातो. कॅचमध्ये गेलात तर अंदाज करत बसू नका. पानावर एक सिलेक्ट यादी दाखवा आणि वापरणाऱ्याला एन्कोडिंग निवडू द्या. बाइट्स तुमच्या हातात आहेतच, फाइल पुन्हा वाचावी लागत नाही, नुसता दुसरा डिकोडर लावायचा.

विंडोज-१२५२ आपणहून लावू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या एन्कोडिंगमध्ये प्रत्येक बाइटला काही ना काही अर्थ असतो, त्यामुळे त्याचा डिकोडर कधीच 'चुकलं' म्हणत नाही. समोर कचरा येतो आणि प्रोग्रामला वाटतं सगळं ठीक आहे.

दोन प्रकारच्या फाइली कुठल्याच डिकोडरने सुधारत नाहीत. एक, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या. त्यांत रोमन अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा रूपांतरक लागतो. दुसऱ्या, ज्या कुणीतरी चुकीच्या एन्कोडिंगने उघडून तशाच सेव्ह केल्या. यांत तो रेघवाला ए खरोखरच फाइलमध्ये लिहिला गेलेला असतो. अशा वेळी पाठवणाऱ्याकडून मूळ प्रत मागवून घेणं हाच सगळ्यात कमी श्रमाचा मार्ग.

खुणा गायब होतात तेव्हा

आमच्या संहितांमध्ये वाचकासाठी टोकदार कंसात खुणा असतात. कुणी देवनागरीत 'थांबा' लिहितं, कुणी रोमनमध्ये 'पॉझ'. सुरुवातीला मी मजकूर इनर-एचटीएमएलने पानावर ठेवत होते, कारण मला ओळी रंगवायच्या होत्या. मग लक्षात आलं की 'थांबा' दिसतंय आणि 'पॉझ' दिसत नाहीये. त्याच फाइलमध्ये! कारण असं की, टोकदार कंसानंतर लगेच रोमन अक्षर आलं की ब्राउझर त्याला टॅग समजतो आणि गिळून टाकतो. देवनागरी अक्षर आलं तर ते टॅग असूच शकत नाही म्हणून मजकूर समजून दाखवतो. एका अख्ख्या प्रकरणात मी एकही विराम घेतला नव्हता आणि ते सगळं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागलं.

खुणा जाणं हा त्यातला सौम्य परिणाम. इनर-एचटीएमएलने टाकलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरं, पण चित्राचा टॅग आणि त्यावर 'ऑन-एरर' लिहिलेलं असेल तर ते चालतं. म्हणजे परक्याच्या फाइलमधला कोड तुमच्या पानावर चालू शकतो. फाइलमधला मजकूर नेहमी टेक्स्ट-कंटेंटनेच ठेवा. ओळी रंगवायच्या तर प्रत्येक ओळीसाठी क्रिएट-एलिमेंटने वेगळा घटक बनवा, त्याच्या टेक्स्ट-कंटेंटमध्ये ओळ ठेवा आणि रंगासाठी क्लास लावा. सगळे घटक आधी एका डॉक्युमेंट-फ्रॅगमेंटमध्ये जमवून शेवटी एकदाच पानाला जोडा.

ओळी पाडताना विंडोजच्या फाइलीत दोन चिन्हं असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्स आणि आजच्या मॅकवर फक्त लाइन फीड. नुसत्या लाइन फीडवर तोडलंत तर विंडोजच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न लोंबकळत राहतो आणि 'ही ओळ रिकामी आहे का' ही तपासणी फसते. ओळी तोडणाऱ्या स्प्लिटला रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांचा नमुना) द्या, ज्यात कॅरेज रिटर्न असला तर असला, नसला तर नसला.

प्री टॅग जशाच्या तशा ओळी दाखवतो, पण लांब परिच्छेद उजवीकडे पडद्याबाहेर जातो. सीएसएसमध्ये व्हाइट-स्पेस 'प्री-रॅप' करा, म्हणजे जागा जपल्या जातील आणि ओळ वळेलही. प्रीचा मूळ फॉन्ट मोनोस्पेस आणि पानाच्या इतर मजकुरापेक्षा बारीक असतो. देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार स्वतः ठरवा. लाइन-हाइट मी १.८ ठेवते. त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरतात. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते.

मोठी फाइल, आणि तुटलेलं अक्षर

एखादं प्रकरण सहसा शंभर-दोनशे किलोबाइटच्या आत असतं, तेवढं एकदम वाचायला काहीच हरकत नाही. अख्खं पुस्तक किंवा एखादी लॉग फाइल असेल तर आधी थोडाच भाग दाखवावा. फाइलवर 'स्लाइस' चालवून सुरुवात आणि शेवट दिला की तेवढाच तुकडा मिळतो. मी ० ते ६५,५३६ घेतले. झलक छान आली, फक्त शेवटच्या शब्दाच्या टोकाला ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. पुढचा तुकडा जोडला तर त्याच्याही सुरुवातीला दोन प्रश्नचिन्हं. देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं, आणि कात्री बाइट मोजून चालते. ती तीनपैकी एका बाइटनंतर पडली होती.

उपाय डिकोडरमध्येच आहे. प्रत्येक तुकड्यासाठी नवा डिकोडर बनवू नका, एकच ठेवा, आणि 'डिकोड' चालवताना दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये 'स्ट्रीम' ट्रू द्या. मग शेवटचे अपुरे बाइट तो स्वतःजवळ राखून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याला जोडतो. सगळे तुकडे संपले की एकदा डिकोड काहीही न देता चालवा, काही उरलं असेल तर बाहेर पडेल.

बारीक पण रोजच्या गोष्टी

तीच फाइल दुरुस्त करून पुन्हा निवडली तर 'चेंज' घटना घडतच नाही, कारण ब्राउझरच्या दृष्टीने निवड बदललेली नसते. फाइल वाचून झाल्यावर इनपुटची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग करा.

फाइल ओढून पानावर टाकायची सोय हवी असेल तर 'ड्रॅग-ओव्हर' आणि 'ड्रॉप' या दोन्ही घटनांत प्रिव्हेंट-डिफॉल्ट चालवा. पहिल्यात विसरलात तर ड्रॉप घडतच नाही, आणि ब्राउझर तुमचं पान बाजूला सारून ती फाइल स्वतःच उघडतो. फाइली डेटा-ट्रान्सफरच्या 'फाइल्स'मध्ये मिळतात, पुढचं सगळं तेच.

एकामागून एक दोन फाइली पटकन निवडल्या आणि पहिली मोठी असली, तर दुसरी आधी दिसते आणि मग पहिली येऊन तिच्यावर बसते. वर नाव एकीचं, खाली मजकूर दुसरीचा. निवडीला एक क्रमांक द्या आणि अवेटनंतर तो अजून ताजाच आहे का ते तपासून मगच दाखवा.

फाइल संगणकावर नसून तुमच्याच सर्व्हरवर असेल तर 'फेच' वापरा. इथेही रिस्पॉन्सची 'टेक्स्ट' मेथड यूटीएफ-८च धरते, तेव्हा अ‍ॅरे-बफर घेऊन वरचाच क्रम लावा. आधी रिस्पॉन्सचा 'ओके' पाहा, कारण फाइल सापडली नाही तरी फेच एरर देत नाही, '४०४' चं पानच संहिता म्हणून समोर येतं. डबल-क्लिक करून उघडलेल्या पानातून शेजारची फाइल फेच करायला ब्राउझर अडवतो. त्यासाठी स्थानिक सर्व्हर लागतो. पायथन असेल तर त्याचं एचटीटीपी डॉट सर्व्हर मोड्यूल पुरतं, पान ८००० पोर्टवर मिळतं.

शोधाची सोय केलीत तर 'तऱ्हा' शोधून पाहा. 'ऱ' हे एकच चिन्ह म्हणूनही साठवलेलं असतं आणि 'र' अधिक नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. दिसायला सारखंच, पण शोध चुकतो. शोधायचा शब्द आणि मजकूर, दोन्हींवर 'नॉर्मलाइझ' एनएफसीने (अशी सुटी चिन्हं जोडून एकच करणाऱ्या रूपाने) चालवा.

शेवटी चाचणी. नोटपॅडमध्ये 'नमस्कार' एवढंच लिहा, एंटर न दाबता, आणि तीनदा सेव्ह करा: यूटीएफ-८, यूटीएफ-८ विथ बीओएम, यूटीएफ-१६ एलई. फाइलींचे आकार २१, २४ आणि १६ बाइट येतील. तिन्ही आपल्या पानात उघडा आणि मजकुराची 'लेंग्थ' छापा. तिन्ही वेळा ७ आले पाहिजेत. ८ आले तर सुरुवातीची ओळखखूण मजकुरात शिरली आहे, डिकोडरला 'इग्नोर-बीओएम' ट्रू दिलंय का ते पाहा. चौथी फाइल पूर्ण रिकामी ठेवा. ती उघडल्यावर कोरं पान न दाखवता 'फाइल रिकामी आहे' असं लिहून दाखवा. पाचव्या फाइलीसाठी एखाद्या फोटोचं शेपूट बदलून टीएक्सटी करा. ती शून्याच्या पायरीवरच अडली पाहिजे.